पाण्याच्या रेघा

स्ट्रोकनंतर मला बडोद्याला आणलं.
हवापालट, असं सगळे म्हणाले.
विश्वामित्रीची हवा कुणी औषध म्हणून
घेत असेल असं वाटत नाही.
काठाला वेडी बाभूळ, पिशव्या,
आणि ऊन चढलं की
चिखलात एक ओंडका.

"ओंडका समजू नका, भावजी,"
कुमुदवहिनी म्हणाली,
"ओंडका पापणी लववत नाही."

मागच्या ओट्यावर हिंचका आहे.
उजवा पाय अजून जमीन ढकलत नाही,
म्हणून ती जाता-येता एक धक्का देते,
गवार मोडताना, फोनवर भांडताना.
पाळण्याला देतात तसा नाही,
दार लोटतात तसा.
त्यात दया नसते.
ते बरं वाटतं.

शब्द उशिरा येतात.
पाणी मागायला जातो, तोंडातून 'पाटी' येते.
वहिनी पाणी देते.
एकदाच तिनं खरोखरची पाटी आणून ठेवली
आणि मग आम्ही दोघं
ठसका लागेपर्यंत हसलो,
वसूदादा गेल्यानंतर
ह्या घरात पहिल्यांदा, असं ती नंतर म्हणाली.

दहाला पूर्वी येते, फिजिओथेरपीची.
कणकेचा गोळा हातात देते:
"दबावो काका, हजी दबावो."
हात खांद्याच्या वर गेला पाहिजे, म्हणते.
वर काय आहे, मी विचारत नाही.

स्वयंपाकघराच्या दाराशेजारी
दादाच्या हातच्या रेघा, शिसपेन्सिलीच्या.
लोक भिंतीवर मुलांची उंची मांडतात.
ह्या घरात मूल नव्हतं,
त्यानं नदीची मांडली.
चौऱ्याण्णव, गुडघ्याखाली.
पाच साल, कमरेला.
चौदा, जेमतेम घोट्याशी, आणि बारीक अक्षरात
'आली, टेकली, गेली.'
एकोणीस, छातीला. 'शेजारच्या जिन्यात मगर.
हर्षिदाबेननी आधी हात जोडले, मग फोन केला.'

चोवीसची रेघ नाही.

चोवीसला पाणी तीन दिवस हललं नाही.
दादाचं डायलिसिस मंगळवारी असायचं.
गुरुवारी त्याला होडीत घातलं,
खुर्चीसकट.
मी पुण्यात होतो.
टीव्हीवर बडोदा दाखवत होते,
छपरांवर माणसं,
आणि मी मॅच लावली.

हे मी तिला सांगितलं,
अडखळत, चुकीच्या शब्दांनी, एका दुपारी.
ती गवार मोडत राहिली.
मग म्हणाली,
"पाणी उतरल्यावर मी आधी त्या भिंतीशी गेले.
डाग ओला होता. पेन्सिल फळीवर होती, कोरडी.
हात उचलेना.
माझा हात तर धडधाकट होता, भावजी."

हिंचका थांबला होता.
तिनं धक्का दिला.

दिवाळीच्या आधी रमणभाई रंगारी आला.
बाहेरची खोली झाली, जिना झाला.
चुन्याच्या वासानं घर
नव्या वहीसारखं झालं.
तो दाराशेजारी येऊन थांबला:
"आ दीवाल?"

डाग अजून होता, पिवळट,
कपात चहाचा राहतो तसा,
माझ्या कपाळाच्या उंचीला.
वहिनीनं माझ्याकडे पाहिलं नाही.
फळीवरची पेन्सिल काढली,
विळीवर टोक केलं,
आणि माझ्या बोटांत खुपसली.

हात कमरेपासून निघाला.
पाच साल ओलांडलं. एकोणीस ओलांडलं.
खांद्याशी येऊन थरथरला,
तिथं बराच वेळ राहिला.
कुणी टेकू दिला नाही.

रेघ वितीएवढी झाली, तिरकी.
"पाणी सपाट असतं हो," वहिनी म्हणाली,
आणि पदर डोळ्यांना नाही, नाकाला लावला.

बाजूला मी 'आली' लिहिलं.
वेलांटी डागाच्या बाहेर गेली.
पुढचं लिहायच्या आत
हात खाली आला.

रमणभाई ब्रश निथळत उभा.
"हजी बाकी छे?"

"हा, बाकी छे," वहिनी म्हणाली.
"तमे बीजी दीवाल करो."